नाशिकच्या सिडकोतल्या छोट्या दुकानात घरात घालायच्या चपला ठेवायच्या आहेत, माल कसा भरावा?

सिडको किरकोळ: जनरल स्टोअर आहे, एका भिंतीला सहा फुटी रॅक रिकामं आहे. बायका घरात घालायच्या स्लिपर्स सारख्या विचारतात, म्हणून सुरू करायचं म्हणतोय. भांडवल १५,००० पर्यंत. मेन रोडच्या होलसेलवाल्यांकडे इव्हीए (हलका फोम), पीव्हीसी (प्लास्टिक), पीयू (पॉलीयुरेथेन), फरवाल्या असं सगळं दिसतं. कुठला माल घ्यावा, साइझ कशा भराव्यात, आणि पडून काय राहतं?

सोलवाला: भाऊ, वरची डिझाइन शेवटी बघा, आधी तळ बघा. घरात फरशी असते, ती रोज ओल्या फडक्याने पुसली जाते आणि माणूस घसरतो तो तिथेच. दुकानात टाइलचा एक तुकडा ठेवा. त्यावर पाणी शिंपडून चप्पल हाताने दाबून पुढे सरकवा. सहज सरकली तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

इव्हीए हलकं, धुता येतं, रोजच्या वापराला सगळ्यात बरं. मात्र ते उन्हात आक्रसतं. काचेच्या शोकेसमध्ये एप्रिल-मेचं ऊन लागलं की ७ नंबरची चप्पल ६ च्या पायाला बसायला लागते आणि गिऱ्हाईक म्हणतं नंबर खोटा आहे. बाल्कनीत वाळत टाकू नका, हे विकतानाच सांगा. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर त्यात हवा जास्त आणि माल कमी, महिन्या-दोन महिन्यांत टाच चपटी होणार. पीव्हीसी जड असतं, थंडीत कडक होतं. पीयू पायाला छान लागतं, पण हवेतल्या दमटपणाने आतून कुजतं. डब्यात न वापरता पडलेला जोडसुद्धा काही वर्षांनी भुगा होऊन सुटतो. म्हणून होलसेलवाला पीयूचा लॉट फारच स्वस्तात देत असेल तर डब्यावरचा महिना-वर्ष वाचा.

साइझबद्दल: मॉडेल कमी आणि नंबर पूर्ण. लेडीजचे चार मॉडेल घ्या. प्रत्येकात ४ नंबरचा एक, ५ चे दोन, ६ चे तीन, ७ चे दोन, ८ चा एक, म्हणजे नऊ जोड. जेंट्सचे दोन मॉडेल, ६ ते १० याच हिशोबाने. एकूण ५४ जोड झाले. सरासरी १३० रुपयांनी धरले तर ७,०२० रुपये. उरलेले पैसे मोडू नका. पंधरा दिवसांत मधले नंबर संपतात, तेव्हा तेवढेच परत भरायला ते लागतात. बहुतेक दुकानं इथेच अडकतात: ५-६-७ संपलेले, रॅक मात्र ४ आणि ८ ने भरलेलं, आणि मालक नवीन डिझाइन आणतोय. घेतानाच विचारा, फुटकळ नंबर मिळतील का? पूर्ण सेटच घ्या म्हणणाऱ्याकडून एकच मॉडेल उचला.

३६-३७, ३८-३९ असे जोडनंबर छापलेला माल असेल तर ३८-३९ म्हणजे ठोकळमानाने आपला ५-६. पायात घालून बघितल्याशिवाय देऊ नका.

गंगापूर रोड: फरवाल्यांचं सांगते. नाशिकची थंडी खरी, पण दुकानदारीच्या दृष्टीने हंगाम छोटा. दिवाळीच्या आधी माल आणा, डिसेंबरात रॅकच्या डोळ्यांसमोरच्या खणात ठेवा आणि संक्रांतीला उरलेला माल भाव उतरवून काढा. पुढच्या वर्षासाठी ठेवलेली फर धूळ धरते, पावसाळ्यात कुबट वास येतो, मग कोणी हात लावत नाही. कापडी अस्तराच्या चपला जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, बुरशी येते. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

सोलवाला: ताईंशी सहमत. अजून एक: बाहेर फक्त डावी चप्पल मांडा, उजवी आत. नाहीतर संध्याकाळपर्यंत ६ ची डावी आणि ७ ची उजवी एकत्र बांधली जाते. नंबरचा स्टिकर तळाला लावा, आत लावला तर पाय टेकतो तिथे डिंकाचा डाग राहतो.

सिडको किरकोळ: धन्यवाद. अॅक्युप्रेशरच्या काट्यांच्या चपला पण विचारतात. ठेवू का?

पाय सांभाळा: ठेवा, पण मधुमेह असलेल्याला विकू नका, हे कळकळीने सांगतो. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, काटे रुतून जखम झाली तरी कळत नाही. त्यांच्यासाठी एमसीआर (मायक्रोसेल्युलर) म्हणजे मऊ, सच्छिद्र रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल वेगळी मिळते. बोटांच्या मधून जाणारा पट्टा (अंगठा) नसलेली बघा. दोन-तीन जोड ठेवले तरी पुरे, बाकी मागणीप्रमाणे आणून द्या. वयस्कर माणसांनाही मागे पट्टा असलेलीच दाखवा, टाच मोकळी असली की चालताना चप्पल निसटते.

बिलबुक: २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे. तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असाल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवर भरलेलाही परत मिळत नाही, म्हणून विक्रीचा भाव ठरवताना तो खरेदीतच धरा. आणि बदलून देण्याचा नियम बिलावर छापा: तळ मळलेला नसेल तर आठ दिवसांत नंबर बदलून मिळेल. चप्पल घालून बघायला खाली स्वच्छ पुठ्ठा टाका, म्हणजे परत आलेला जोड पुन्हा विकता येतो.