मदत हवी आहे: पुण्याहून शिमल्याला सायकली कशा न्यायच्या?

नमस्कार मंडळी, आम्ही चौघे मित्र शिमल्याच्या माउंटन बाइक शर्यतीला निघालोय. झेलम एक्स्प्रेसने अंबाल्यापर्यंत जायचं, तिकिटं झाली. प्रश्न सायकलींचा आहे. खोक्यांत भरून ब्रेक व्हॅनमध्ये (रेल्वेच्या सामानाच्या डब्यात) टाकायच्या तर पार्सल ऑफिसात किती आधी पोचावं? अंबाल्याला गाडी थांबते तेवढ्यात चारही खोकी उतरतात का?

मला खरी काळजी मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाची आहे. तो फ्रेमला जोडणारा हँगर जरा वाकला तरी चढावर गिअर उड्या मारतात. म्हणून डिरेलर काढून फ्रेमच्या आत बांधायचा आणि चाकं काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठा अडकवायचा असं ठरवलंय. अजून काय करावं?

कालका-शिमला छोट्या रेल्वेत ही खोकी मावणं अवघडच. अंबाल्याहून टपावर कॅरियर असलेली गाडी कोणी केली आहे का? कृपया सविस्तर सांगा.