मोटारीतली बटणे टचस्क्रीनवर नेणे योग्य आहे का?

मुलुंडचा वाहनचालक:
नव्या मोटारींत एसीचे तापमान, पंख्याचा वेग आणि काही गाड्यांत समोरच्या काचेवरची वाफ घालवण्याची सोयसुद्धा मधल्या टचस्क्रीनवर गेली आहे. पूर्व द्रुतगती मार्गावर जोराची सर आली की काच आतून धुरकट होते. पूर्वी अशा वेळी जो नॉब न बघता हाताला लागायचा, त्यासाठी आता रस्त्यावरची नजर काढून पडद्यावर चित्र शोधावे लागते, आणि नेमका खड्डा आला की बोट भलतीकडेच पडते. २०२२ मध्ये ‘वी बिलेगारे’ या स्वीडिश मासिकाने ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाड्यांत रोजची चार कामे करून पाहिली. ती उरकेपर्यंत २००५ सालची, बटणांची व्होल्व्हो ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेली टचस्क्रीनची गाडी १,३७२ मीटर. वायपर, काचेवरची वाफ आणि धोक्याचे दिवे यांना तरी बटण असलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

कांदिवलीकर:
असहमत. परीक्षकाला गाडी नवी असते, मालकाला नसते. शिवाय सोसायटीत दोन खांबांच्या मधून गाडी मागे घेताना मागच्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवणाऱ्या ज्या पडद्याचा आधार वाटतो, त्यालाच नावे ठेवणे पटत नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारे एबीएससुद्धा संगणकच चालवतो आणि एप्रिल २०१९ पासून ते आपल्याकडे बंधनकारक आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

गिरगावातील वाचक:
कॅमेऱ्याला विरोध आहे कोणाचा? एबीएस चाकांचा वेग मोजून ब्रेकचा दाब आपणहून कमीजास्त करते, चालकाकडे काही मागत नाही. पडदा मात्र नजर मागतो. आणि त्या चाचणीत चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरोपातील युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या गुणांकनात इंडिकेटर, वायपर, हॉर्न आणि धोक्याचे दिवे यांच्या स्वतंत्र नियंत्रणांना महत्त्व दिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपकडे आपणही तशी मागणी करायला हवी.

कांदिवलीकर:
वायपर-इंडिकेटरपुरते मान्य, ते आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आजही दांडीवरच आहेत. एसीचे मात्र मान्य नाही. प्रत्येक बटणामागे वेगळा साचा, वेगळी जोडणी आणि वेगळा खर्च असतो, आणि शोरूममध्ये पडदा किती इंची आहे हे आधी आपणच विचारतो. बटणांसाठी जादा पैसे मोजायला आपण तयार आहात का?

मुलुंडचा वाहनचालक:
तयार आहे. मुंबईच्या उन्हापावसात क्वचितच उघडणाऱ्या सनरूफचे पैसे आपण देतोच ना. ते वाचवा आणि त्यात दोन नॉब बसवा.