मदत हवी आहे: मोजे विणायच्या गोल मशीनवर रंग बदलला की टाके गळतात

मागावरचा:
नमस्कार मंडळी. विणकाम विभागात पहिल्यांदाच लिहितोय, आजवर इथे फक्त पाककृतींचे धागे वाचत आलोय, त्यामुळे शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या ब्रॅम्प्टन, कॅनडा. गेल्या उन्हाळ्यात जवळच एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथे तळघरात लाकडी पेटीत एक यंत्र दिसलं. टेबलाला क्लॅम्पने बसवायचं, बाजूला हँडल, मला वाटलं खिमा करायचं मशीन. मालकीणबाई म्हणाल्या आजीचं आहे, ती यावर मोजे विणायची. यंत्राचं नाव लेगारे ४००. घरी येऊन शोधलं तर ही लेगारे नावाने क्यूबेकात विकली जायची पण बनवायचे क्रीलमन ब्रदर्स, आणि त्यांचा कारखाना होता जॉर्जटाऊनला, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने पंचवीसेक मिनिटं! आम्ही दर रविवारी ज्या गावावरून पुढे जातो तिथलं यंत्र निघालं.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: मधे एक स्थिर सिलिंडर, त्याला उभ्या ७२ खाचा, प्रत्येक खाचेत एक सुई. सुईला वर हूक आणि हुकाखाली उघडझाप करणारी बारकी जिभली. हँडल मारलं की भोवतीचं कडं फिरतं, आतला कॅम (चढउतार असलेला तुकडा) एकेक सुई वर उचलून खाली ओढतो, आणि तेवढ्यात कॅरियर (लोकर ओवलेला भोकाचा तुकडा) तिच्या हुकात लोकर देतो. एक चक्कर म्हणजे ७२ टाके, हाताने विणणाऱ्याला राग येईल इतक्या पटकन.

साधे राखाडी मोजे चार जोड झाले, टाच पण जमली (चौथ्या जोडाला). आता पट्ट्यांचे करायला घेतलेत, ८ फेऱ्या निळ्या, ८ फेऱ्या पिवळ्या, आणि इथे घोडं पेंड खातंय. रंग बदलायला मी मास्टच्या (लोकर वरून आणणारा उभा दांडा) खाली लोकर कापतो, नव्या रंगाची गाठ मारतो आणि फिरवत राहतो. दर बदलाला दोनतीन टाके गळतात, खाली वजन टांगलेलं असल्यामुळे मला दिसेपर्यंत ते पार चारपाच फेऱ्या खाली उसवत गेलेले असतात, मग क्रोशाची सुई घेऊन शिडी चढत बसा. दुसरं म्हणजे जिथे रंग सुरू होतो तिथे पट्ट्याला पायरी पडते, दोन टोकं एका रेषेत येतच नाहीत.

शिलाई मशीनचं तेल घालून झालं, टाका सैल करून झाला, हळू फिरवून झालं. पुढच्या महिन्यात आईबाबा पहिल्यांदा इकडे येताहेत, बाबांच्या हातात विमानतळावरच हे मोजे द्यायचेत. फोटो चढवायचा प्रयत्न केला पण चढत नाहीये.

उलटसुलट:
मी हाताने चार सुयांवर विणते, मशीनचं ज्ञान शून्य, पण पायरीचं सांगू शकते. अहो ती तुमची चूक नाहीये. गोल विणताना फेरी कधी बंद होतच नाही, चकलीसारखी वर चढत जाते. चकलीचं शेवटचं टोक सुरुवातीच्या टोकाला कधी चिकटतं का, ते एका वेढ्याने बाहेरच असतं, तसंच हे.

उपाय: नव्या रंगाची पहिली फेरी पूर्ण होऊ द्या. दुसरी सुरू करायच्या आधी पहिल्या टाक्याच्या बरोब्बर खालचा जुन्या रंगाचा टाका उचलून त्याच सुईवर चढवा आणि दोन्ही मिळून एक विणा. जुना रंग तेवढा वर खेचला जातो आणि पायरी बुजते. मशीनवर खालचा टाका उचलता येतो का ते माहीत असणाऱ्यांनी सांगावं.

दुपारची_झोप:
रस्त्यावर शंभराला तीन जोड मिळतात हो. चालू द्या.

नेल्सनकर:
उचलता येतो, क्रोशाच्या बारक्या सुईने किंवा टोकदार पिकने, अजिबात अवघड नाही. मी न्यूझीलंडला असतो, माझ्याकडे इथल्या बनावटीची नवी मशीन आहे पण तत्त्व तेच शंभर वर्षांपूर्वीचं.

आता गळण्याचं. आधी एक गोष्ट तपासा जी कुणीच तपासत नाही, मीही पहिले सहा महिने तपासली नव्हती. गळलेले टाके उभ्या एका रेषेत आहेत का, की दर वेळी वेगळीकडे? एका रेषेत असतील तर ती सुई खराब. कुठेही असतील तर लोकरीचा ताण. सिलिंडरच्या एका खाचेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि तिथून मोजा.

आणि ती गाठ मारणं बंद करा. मास्टपासून कॅरियरपर्यंत तुमची गाठ किती अंतर जाते ते बघा, म्हणजे रंग तुम्ही ठरवलेल्या जागी बदलतच नाही, गाठ जिथे पोचेल तिथे बदलतो. वर ती कॅरियरच्या भोकात क्षणभर अडते, लोकर ताणली जाते, मग एकदम सुटते आणि सैल पडते. सैल लोकर हुकात बसत नाही. तेच तुमचे दोनतीन टाके.

मी असं करतो: टाच ज्या बाजूला विणता त्या बाजूच्या मधोमध कॅरियर आणून थांबा, म्हणजे जोड पोटरीच्या मागे आणि तळव्याखाली येतो, पायाच्या वर दिसत नाही. जुनी लोकर वीतभर शेपूट ठेवून कापा, कॅरियरमधून काढा, शेपूट सिलिंडरच्या आत सोडा. नवा रंग मास्ट, हील स्प्रिंग, कॅरियर असा पूर्ण ओवा. हील स्प्रिंग लोक घाईत विसरतात, सैल लोकर वर ओढून धरायचं काम तीच करते. नव्याचं शेपूटही आत सोडा आणि त्याला कपड्यांचा चिमटा लावा. मग पहिल्या दहा सुया हँडल अगदी सावकाश, आणि नजर जिभल्यांवर, प्रत्येक उघडी आहे ना. दहा झाल्या की मारा चक्कर.

हाताने विणताना जुना रंग न कापता आतून वर नेतात, तो मोह इथे नको, फिरत्या कॅरियरमध्ये गुंततो. कापायचाच.

उलटसुलट:
म्हणजे एका मोज्यात पंधरावीस शेपट्या ओवायच्या? मशीनने वाचवलेला वेळ तिथे गेला की.

नेल्सनकर:
गेला. म्हणून तर लोक आपोआप पट्टे पडणारी रंगवलेली लोकर घेतात.

मागावरचा:
उशीर झाला उत्तराला, पण सांगण्यासारखं आहे.

शनिवारी नेलपॉलिश लावून बसलो (बायकोचं, महागातलं, हे तिला इथे वाचून कळेल) आणि मोजत होतो तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलीत. आमच्या गावात १९०४ ला विठ्ठलराव दातारांनी पहिला माग आणला तेव्हापासून घरटी कुणीतरी मागावर आहे, आमच्या घरी तर आजोबापण. मोजे सरप्राइज असल्यामुळे मी फोन पटकन वर धरला, पण हात चुकून हँडलला लागून दोन चकरा फिरल्या. बाबा बोलता बोलता थांबले.

"काय फिरवालायस?"

मी म्हटलं काही नाही, आपलं एक जुनं यंत्र आहे.

"परत फिरव."

फिरवलं. त्यांनी मोबाइल कानाला लावला, व्हिडिओत मला नुसता कान दिसत होता आणि त्यातले पांढरे केस.

"एका जागी टक् म्हणतंय बघ. दर फेऱ्याला तिथंच. कायतरी वाकलंय तुझं, तेल घालून न्हाई भागायचं."

ठिपक्यापासून ४१ नंबरची सुई. काढून बघितली तर दांडी सपाट टेबलावर ठेवली की मधे केसभर उजेड दिसतो, आणि जिभली अर्ध्यात अडकते, बोटाने ढकलावी लागते. एकरंगी मोज्यात लोकर ताणात असल्यामुळे ती कशीबशी निभावून नेत होती, रंग बदलताना ताण गेला की पहिला टाका तीच सोडायची. म्हणजे नेल्सनकर, तुमचं दोन्ही खरं, सुई पण आणि ताण पण. पेटीत जुन्या चारपाच सुया होत्या, त्यातली एक घातली. बाकीचे टाके गाठ बंद केल्यावर थांबले. चिमट्याची आयडिया भारी आहे.

खालचा टाका उचलून पायरी पण बरीच बुजली. जवळून बघितलं तर कळतं, पण मोज्याला जवळून कोण बघतंय.

आता नवा प्रश्न. शेपट्या ओवून वैतागून मी ती आपोआप पट्टेवाली लोकर आणली, १०० ग्रॅमचा गुंडा, लोकर ७५ टक्के आणि नायलॉन २५. पायाचे पट्टे झकास आले पण टाचेत सगळं बिनसलं, पट्टे एकदम जाडजूड झाले आणि टाचेनंतर पावलावर रंगांचा क्रमच तुटला. मशीनचा दोष का लोकरीचा?

नेल्सनकर:
दोघांचाही नाही, हिशोबाचा आहे. लोकर रंगवताना गृहीत धरलेलं असतं की तुम्ही गोल विणणार. टाचेत तुम्ही काय करता, ७२ पैकी ३६ सुया वर उचलून कामाबाहेर, उरलेल्या ३६ वर पुढेमागे, दर रांगेला एक सुई कमी करत १२ पर्यंत, मग एकेक परत घेत ३६. सरासरी २४ टाक्यांच्या ४८ रांगा झाल्या, म्हणजे ११५२ टाके. भागिले ७२ केलं की १६. टाच गोल १६ फेऱ्यांची लोकर खाते, आणि तेवढा वेळ पावलाची वरची बाजू नुसती थांबून असते. टाच संपून परत गोल सुरू केलं की वरच्या बाजूला १६ फेऱ्यांचे रंग गायब.

तुमचे पट्टे ८-८ फेऱ्यांचे दोनच रंग असते तर गंमत झाली असती, ८ फेऱ्या म्हणजे ५७६ टाके, बरोब्बर अर्धी टाच. अर्धी टाच निळी, अर्धी पिवळी आणि वरचा क्रम न तुटता पुढे चालू! पण या गुंड्यांत पाचसहा रंग असतात, तिथे ते जमत नाही. टाच सरळ वेगळ्या एकरंगी लोकरीने विणा. पट्टेवाली कापून बाजूला ठेवायची, टाच झाली की त्याच टोकापासून परत सुरू. टाचेच्या वेळी वजन वरवर सरकवत राहा, नाहीतर परत गळतील.

आणि दुसरा मोजा गुंड्यात त्याच रंगाच्या त्याच ठिकाणापासून सुरू करा, त्यासाठी दोनतीन मीटर वाया गेली तरी जाऊ द्या.

उलटसुलट:
टाच राखाडी करा, कुठल्याही रंगाला शोभेल, आणि तुमच्याकडे उरलीच असेल की चार जोडांची.

मागावरचा:
राखाडीच केली. पहिला मोजा मशीनवरून काढला तेव्हा लांबुडका फनेलसारखा दिसत होता, घाबरलो, पण धुऊन एक रात्र सपाट वाळवल्यावर मापात आला. पुढचं टोक किचनर टाक्याने (शिवण न दिसता दोन कडा जोडणारा टाका) शिवायला तासभर गेला.

दुसरा चालू आहे. बाबांनी काल परत विचारलं, आवाज गेला का. म्हटलं गेला. म्हणाले जुनी सुई टाकू नको, मी आल्यावर सरळ करून देतो. आता त्यांना कळलंय की यंत्र सुयांचं आहे, मोज्याचं कळलंय का नाही ते विचारायची सोय नाही.