कॉलेजात क्लायमेट रिसर्च उभा करायचाय, पैसे मशीनला घालायचे की माणसाला?

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी, मी पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. आमच्याकडे बरीच पोरं उत्तन, मढ, गोराई, वसई बाजूची, म्हणजे उधाणाला ज्यांच्या दारापर्यंत पाणी येतं ती. पण किनाऱ्याचा अभ्यास म्हटलं की पवईची आयआयटी नाहीतर पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था, आमच्या पोरांच्या वाट्याला सर्वेचे फॉर्म भरून आणण्याचंच काम येतं आणि मला ते फार खुपतं. आता मॅनेजमेंट थोडे पैसे द्यायला तयार झालीय आणि सगळे म्हणतायत गच्चीवर वेदर स्टेशन लावून टाका. मला वाटतं आधी डेटा सांभाळणारा एक माणूस नेमावा. काय करू?

डेटावाला:
ताई, माणूसच घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३, तेव्हा मोजण्याच्या जागा कमी होत्या हे खरंच, पण त्यानंतर पालिकेने शहरभर स्वयंचलित केंद्रं लावली, त्यांचे आकडे ऑनलाइन दिसतात. रोज बसून ते उतरवून घेणारं, चुकीचं रीडिंग ओळखणारं कोणी तुमच्याकडे आहे का हा खरा प्रश्न आहे. खाऱ्या हवेत सेन्सर लवकर खराब होतो, कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक मापाशी ताडून दुरुस्ती, झालं नाही तर तो आकडे देत राहतो पण चुकीचे देतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

सुरुवात फुकटच्या डेटावर करा. अपोलो बंदरच्या समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, महिन्याची सरासरी पीएसएमएसएल या समुद्रपातळीच्या जागतिक नोंदसंग्रहावर मिळते. ईआरए५ हा जगभरच्या मागच्या हवामानाचा डेटासेट पण फुकट आहे. पोरांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवा, एका सेमिस्टरमध्ये ग्राफ काढायला लागतील. एक सांगून ठेवतो, भरतीमापक समुद्राची पातळी जमिनीच्या तुलनेत मोजतो, त्यामुळे जमीन खचत असेल तरी पातळी वाढलेलीच दिसणार. हे पहिल्याच तासाला शिकवा.

वेसावकर:
आमच्या कोळीवाड्यात दर दोन वर्षांनी कोणीतरी येतं, म्हाताऱ्यांना प्रश्न विचारतं, फोटो काढतं, आणि परत तोंड दाखवत नाही. तौक्ते वादळाच्या वेळी मे २०२१ मध्ये होड्यांचं नुकसान झालं तेव्हाही माहिती लिहून नेली, तिचं पुढे काय झालं ते कोणी येऊन सांगितलं नाही. तुम्ही करणार असाल तर गावातलीच पोरं घ्या, त्यांना मानधन द्या, शोधनिबंधात नाव द्या. उधाण कुठल्या तिथीला, भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, पाणी कुठपर्यंत चढतं हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. जेट्टीच्या खांबावर मापाची पट्टी रंगवा आणि प्रत्येक उधाणाला फोटो काढून वेळ लिहा, एवढं जरी दहा वर्षं न चुकता झालं तरी आम्हाला ते दाखवून भांडता येईल.

रत्नागिरीहून:
माझा अनुभव थोडा कडू आहे. इकडे दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, शिकलेली माणसं आहेत. पण प्रोजेक्टवर पोरं घेतात ती अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, नाहीतर सीएचबीवर तासाच्या हिशोबाने, मग काम हातात बसलं की पोरगं पुण्याला जातं आणि पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवा. तुमच्या मॅनेजमेंटकडून निदान तीन वर्षांची लेखी हमी घ्या, त्याशिवाय सुरूच करू नका असं मी म्हणेन. आणि वेदर स्टेशन घेतलंच तर सोलर आणि बॅटरीवाला घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, म्हणजे डेटा सगळ्यात जास्त हवा तेव्हाच मशीन बंद.

खाडीकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन वर्षांच्या हमीचं उद्याच प्राचार्यांकडे लेखी मागते. वेसावकर दादा, पट्टीची कल्पना खूप आवडली, पण शून्य कुठे धरायचा? जेट्टी दुरुस्त केली आणि पट्टी हलली तर आधीच्या नोंदी जुळणार कशा?

डेटावाला:
जवळचा सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क, म्हणजे उंची ठरलेली पक्की खूण, शोधा आणि एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिलवाल्यांकडून तिथून पट्टीपर्यंत लेव्हलिंग, म्हणजे उंचीतल्या फरकाची मोजणी, करून घ्या. जवळपास पक्क्या बांधकामावर आणखी दोन खुणा करा, एक गेली तरी दुसरी राहते. दरवर्षी पावसाळ्याआधी परत तपासा आणि तारीख, कोणी केलं, हे वहीत लिहा.

वेसावकर:
खुणेसाठी जुना दगडी चौथरा आहे आमच्याकडे, रविवारी ओहोटीला या, दाखवतो.