सभागृहातील बुद्धिबळ आणि चौकीदाराची मुलगी : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-३०२ (काकू) : सर्वांना नमस्कार. काल संध्याकाळी तळमजल्यावरील सभागृहात मुलांचे बुद्धिबळ सुरू असताना आपल्या चौकीदाराच्या मुलीला "हे सदस्यांच्या मुलांसाठी आहे" असे सांगून पटावरून उठवण्यात आले. ती काही न बोलता उठली आणि खिडकीचे गज धरून बाहेरून डाव पाहत उभी राहिली. ज्या फाटकावर आपण वर्गणी काढून आपल्या नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखच्या अभिनंदनाचा फलक लावला, त्याच फाटकावर तिचे वडील रात्रभर पहारा देतात. मला हे अतिशय लागले आहे.

ए-१०४ : काकू, आपल्या भावनेचा आदर आहे. तथापि नियमावलीतील वाक्य येथे देत आहे : "सभागृहाचा वापर सदस्य व त्यांच्या कुटुंबीयांपुरता मर्यादित राहील." हा नियम सर्वसाधारण सभेने केलेला आहे, मी एकट्याने नव्हे.

सी-२०१ (ताई) : जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे भारताच्याच कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक डावांत, हरवून दिव्या महिला विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय ठरली आणि त्याच विजयाने तिला ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातील सर्वोच्च किताबही मिळाला, तेव्हा माझ्या मुलीने पट मागितला आणि मी तो त्याच आठवड्यात आणला. चौकीदारभाऊंच्या मुलीनेही मागितला. तिला मिळालेल्या जुन्या संचात एक हत्ती नाही, म्हणून ती त्या जागी बाटलीचे निळे झाकण ठेवते आणि डाव सुरू होण्यापूर्वी समोरच्याला "हा हत्ती समजा" असे नीट सांगते. तिच्याशी खेळायला माझ्या मुलीला आवडते, कारण ती घाईने चाल करत नाही.

डी-४०३ : खेळाला कोणाचाच विरोध नाही. परंतु आमच्याकडील वाढदिवसासाठी सभागृह मागितले असता आमच्याकडून पूर्ण भाडे घेण्यात आले होते. सदस्याला एक न्याय आणि इतरांना दुसरा, हे कसे?

खजिनदार : भाऊ, ते भाडे ठरावानुसार घेतले होते आणि त्याची पावती आपल्याला दिलेली आहे. तो विषय आपण प्रत्येक चर्चेत आणता. मुले बसतात त्या वेळी भाडे कोणाकडूनच घेतले जात नाही, आणि एक मूल वाढल्याने विजेचे बिल वाढत नाही.

ए-१०४ : पुन्हा नमूद करतो : "सदस्य व त्यांच्या कुटुंबीयांपुरता मर्यादित."

ए-५०२ (आजोबा) : मी शाळेत असल्यापासून बुद्धिबळ खेळतो, म्हणून थोडे लिहितो. अविभाजित पंजाबातील मीर सुलतान खान हे सर उमर हयात खान या जमीनदारांच्या पदरी होते. मालकांसोबत इंग्लंडला गेल्यावर त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली आणि हेस्टिंग्ज येथे माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. जागतिक महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर पद दिले ते २०२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर कित्येक दशकांनी. पटावर बसू दिले म्हणूनच त्यांचे कसब जगाला दिसले. आपल्या नागपूरने रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हेही ग्रँडमास्टर दिले आहेत, आणि अशा गावात एखादे मूल बाहेर उभे राहून डाव पाहते हे मला पाहवत नाही.

डी-४०३ : आजोबा, माहिती उत्तम आहे. मात्र त्या मुलीने मागे आपल्याला मात दिली, असे मुले सांगतात.

ए-५०२ (आजोबा) : दिली, आणि घोडा व उंट यांच्या जोडीने फार सुंदर दिली. म्हणूनच तिला आत बसवा असे म्हणतो.

बी-१०१ (वकील) : कायद्याची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही असे म्हटले आहे. आपले सभागृह सदस्यांचे असल्यामुळे त्या अनुच्छेदाचा आधार येथे थेट घेता येईल असे मी म्हणणार नाही. परंतु उद्देशिकेत दर्जाची व संधीची समानता लिहिलेली आहे, आणि दर २६ जानेवारीला आपण ती याच सभागृहासमोर मोठ्याने वाचतो. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, म्हणजे नियम करणारेही आपणच आणि बदलणारेही आपणच.

ए-१०४ : आज एकीला सवलत दिली तर उद्या पोळ्या करणाऱ्या बाईंची मुले येतील, गाड्या धुणाऱ्याची येतील. मर्यादा कोठे घालायची, हे कोणी सांगेल काय?

बी-३०२ (काकू) : येऊ द्यावीत. इमारतीत ज्यांचे आईवडील राबतात त्यांच्या मुलांनी आठवड्यातून एकदा पटावर बसावे, यात कोणाचे काय जाते, हे मला खरोखर कळलेले नाही.

डी-४०३ : वाद नको. तिच्या नावाने जे काही शुल्क असेल ते मी भरतो.

बी-३०२ (काकू) : भाऊ, आपले मन मोठे आहे, परंतु शुल्काचा प्रश्नच नाही. आपण पैसे भरले म्हणून ती बसली, तर ती आपल्या कृपेने बसेल. तिला इतर मुलांप्रमाणेच बसता यावे, एवढेच मागणे आहे.

सचिव : चर्चा वाचली. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत "सोसायटीत काम करणाऱ्यांच्या मुलांना मुलांच्या उपक्रमांत प्रवेश" हा विषय घेत आहे. तोपर्यंत कोणत्याही मुलाला पटावरून उठवू नये, ही सर्वांना विनंती आहे.

ए-१०४ : माझी हरकत कार्यवृत्तात नोंदवली जावी.

सचिव : अवश्य नोंदवली जाईल.

बी-३०२ (काकू) : ठराव मी मांडते. अनुमोदन कोण देणार, त्यांनी कृपया येथेच कळवावे.

ए-५०२ (आजोबा) : माझे अनुमोदन.

सी-२०१ (ताई) : माझेही. आणि हत्तीची एक जोडी आमच्या घरी जास्तीची आहे, ती मी रविवारी सभागृहात आणून ठेवते.