नेमाडे तुम्हाला कुठे भेटले?

भालचंद्र नेमाड्यांचं पुस्तक वाचलं तेव्हा तुम्ही कुठे होता, घरादारात काय चाललं होतं, तेवढं लिहा. समीक्षा नको. सुरुवात मी करतो.

मी यावल तालुक्यातला, नेमाड्यांच्या सांगवीच्याच बाजूचा. पुण्यात हॉस्टेलला आल्यावर 'कोसला' हाती आली. १९६३ची कादंबरी, लिहिणारा तेव्हा पंचविशीतला. पहिली कितीतरी पानं खो-खो हसलो. मेसचा सेक्रेटरी होऊन कर्जात रुतलेला पांडुरंग सांगवीकर आमच्याच मजल्यावर राहत असावा! 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' तर महिनाभर सगळ्यांच्या तोंडी होतं. मग मनी गेली. पांडुरंगची धाकटी बहीण. पुस्तक मिटून खाली बूथवर गेलो, गावी शेजारच्यांकडे फोन लावला, म्हटलं बहिणीला बोलवा. ती धावत आली. "काय झालं रे भाऊ?" मला काही सुचेना. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. समोर मशीनवर लाल आकडे पळत होते. 'कोसला'तला अजिंठ्याचा भाग मला अजून सलग वाचवत नाही.

*

मला 'कोसला' एकोणिसाव्या वर्षी भिडली नाही. यातल्या मुली कुठायत, असं वाटत राहिलं. ती तक्रार आजही आहे. मला गाठलं ते चांगदेव पाटलानं. 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' या नेमाड्यांच्या चार कादंबऱ्यांचा नायक: गावोगावच्या कॉलेजांत मास्तरकी करत फिरणारा माणूस. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते. अकरा वर्षांत चार गावं, मानधन सहा-सहा महिने तुंबलेलं. 'जरीला' वाचली तेव्हा खोलीत पुस्तकांची खोकी सुतळीनं बांधलेलीच होती. सोडायची की नाही, ते ठरत नव्हतं. आपलं हे सगळं कुणीतरी १९७७ सालीच लिहून ठेवलंय, याचा केवढा आधार वाटला.

*

'हिंदू' ही कादंबरी २०१०ला आली तेव्हा मी मस्कतला होतो. तिच्यात मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला नायक खंडेराव वडील अत्यवस्थ आहेत म्हणून मोरगावला निघतो. तीन वर्षांनी तसाच निरोप मला आला. पोचलो तेव्हा उशीर झाला होता. तेराव्यानंतर माळा आवरायला काढला. तिफणीचे फण, काच फुटलेला कंदील, बाबांच्या चष्म्यांची पाच रिकामी घरं. सगळे म्हणाले, भंगारवाल्याला देऊन टाकू. 'जगण्याची समृद्ध अडगळ' हे त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे शब्द मी तोवर कितीदा वाचले होते. मी कशालाच हात लावू दिला नाही.