पसरणी घाटात बीटल तापते, ऑइलचा दिवा लुकलुकतो, काय बघू?

रानजाई

नमस्कार मंडळी. बाबांची १९६८ ची फोक्सवॅगन बीटल आहे, १३०० इंजिन, सिंगल पोर्ट, डायनामो ओरिजिनल. मी गाडी शिकले ती हिच्यावरच, त्यामुळे जीव आहे तिच्यात. दोन वर्षं पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती, दिवाळीनंतर गॅरेजला देऊन चालू करून घेतली. कार्बोरेटर साफ केला, डिस्ट्रिब्यूटरमधले (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट-कंडेन्सर, प्लग, पेट्रोलचे पाइप, ऑइल सगळं नवीन. पुण्यात फिरवताना काहीच त्रास नाही.

गेल्या रविवारी बाबांना घेऊन पाचगणीला निघाले. वाईपर्यंत गाडी छान आली आणि पसरणी घाट अर्धा चढल्यावर पिकअप कमी कमी होत गेला, थर्डवर नीट ओढत होती ती अडायला लागली, मग आतून बारीक टणटण असा आवाज, म्हणून एका वळणाला जागा बघून बाजूला घेतली तर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतोय. चावी बंद केली तरी इंजिन तीन-चार वेळा धडधडलं आणि मग थांबलं. मागचं झाकण उघडलं तर भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी हवा तोंडावर आली. एक टेंपोवाले दादा मदतीला थांबले, पाण्याचा कॅन घेऊन आले आणि ओतणारच होते, बाबांनी त्यांचा हात धरला. पाऊण तासाने एका चावीत स्टार्ट झाली पण वर जायची हिंमत झाली नाही, परत फिरलो.

गॅरेजवाले म्हणतात ऑइल जाड टाका आणि एक जादा ऑइल कूलर बसवा, जुन्या गाड्या तापणारच. थर्मोस्टॅट त्यांनी आधीच काढून टाकलाय. बाबा म्हणतात इतक्या वर्षांत ही कधीच तापली नाही, चार माणसं आणि टपावर सामान घेऊन महाबळेश्वर केलंय. मला बाबांचं खरं वाटतं. कुठून सुरुवात करू?

टॅपेट_०१५

ताई, पहिली गोष्ट म्हणजे बाबांनी पाणी ओतू दिलं नाही ते फार बरं केलं, तापलेल्या सिलिंडर हेडवर गार पाणी पडलं असतं तर चीर गेली असती आणि मग हा धागा वेगळाच झाला असता. आणि दिवा दिसल्यावर तुम्ही पुढे दामटवली नाही हेही.

आता ऑइल जाड टाकायच्या आधी टायमिंग (प्लगची ठिणगी कधी पडते ते) कुणी आणि कशाने लावलं ते विचारा. पॉइंट बदलले की टायमिंग सरकतं. बऱ्याच ठिकाणी कानाने लावतात, पिकअप चांगला वाटेपर्यंत डिस्ट्रिब्यूटर फिरवतात आणि आवळून टाकतात. गावात गाडी तरतरीत वाटते पण घाटात लोड आला की हेड तापतं आणि ती जी टणटण ऐकली ती येते. बऱ्याच १३०० इंजिनांना टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आधी ७.५ अंश असतं, तुमच्या डिस्ट्रिब्यूटरवरचा नंबर बघून खात्री करा आणि टायमिंग लाइट लावूनच बघा. त्याआधी पॉइंटचा गॅप ०.४ मिमी, कारण गॅप बदलला की टायमिंग परत हलतं.

दुसरं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट. इंजिन पूर्ण गार पाहिजे, म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं, सकाळी चहाच्या आधी करा. ०.१५ मिमी. तीन नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातच नाही असं झालं तर लगेच इथे सांगा, गॅप पुन्हा पुन्हा बुजत असेल तर तो व्हॉल्व्ह ताणला जातोय आणि कधीतरी त्याची मुंडी तुटून पिस्टनवर पडते. ह्या इंजिनात टॅपेट थोडं वाजलेलं चांगलं, गप्प झालं की काळजी करायची.

चिंचवडकर

माझं मत जरा वेगळं आहे, पेट्रोल बघा. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि ह्या गाडीचे जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकं) त्यासाठी नाहीतच, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि लीन झालं की तापते. मी माझ्या गाडीला मेन जेट एक साइज वरचा टाकला, फरक पडला. पेट्रोलचे नवे पाइप इथेनॉलला चालणारे आहेत का तेही बघा, साधं रबर फुगून गळायला लागतं आणि तिथे खाली तापलेलं इंजिन आहे, त्याची केस मॅग्नेशियमची, एकदा पेटली की विझवणं अवघड.

जादा कूलर लावायला हरकत नाही माझ्या मते, आपल्या उन्हाळ्यात उपयोगच होतो.

श्टुटगार्टकर

रानजाई, मी गेली १९ वर्षं जर्मनीत आहे, दोन बीटल सांभाळतोय, त्यातली एक अगदी तुझ्याच इंजिनाची. वरचे दोघे सांगतायत ते सगळं तपासच. पण तू लिहिलंस की पूर्वी कधी तापली नाही आणि गॅरेजमधून आल्यावर तापली, म्हणून माझा पहिला प्रश्न हा की गॅरेजमध्ये काय काय काढलं? घातलेल्याची यादी तू दिलीस, काढलेल्यात फक्त थर्मोस्टॅट आहे.

ह्या गाडीत पाण्याच्या जागी हवा आहे. डायनामोच्या दांड्यावर पंखा आहे, तो वरून गार हवा ओढतो आणि पत्र्यांच्या घरातून सिलिंडरच्या पंखांवरून (त्यांच्याभोवतीच्या पातळ धातूच्या पात्यांवरून) खाली ढकलतो, ती गरम होऊन गाडीखाली जाते. वरची हवा आणि खालची हवा वेगळी ठेवायचं काम इंजिनभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेचं रबर करतं. एखादा पत्रा नसेल किंवा रबर गेलं असेल तर खालची तापलेली हवा परत वर येते आणि पंखा तीच ओढून पुन्हा इंजिनावर मारतो. साध्या रस्त्यावर ते खपून जातं, घाटात नाही. रेडिएटरला भोक पडलेलं कुणी चालवून घेणार नाही, पण ह्या गाडीचे पत्रे मात्र लोक बिनधास्त फेकतात कारण ते नुसते पत्रे दिसतात, आणि मला ह्याचं फार वाईट वाटतं.

तर आज रात्री एक कर. अंधार झाला की गाडीखाली मोठी बॅटरी लाव, मागचं झाकण उघड आणि वरून बघ. जिथून उजेड दिसेल तिथून गरम हवा वर येते. प्लगच्या वायरींवरची रबराची टोपणंसुद्धा बघ, ती पत्र्याला नीट बसलेली पाहिजेत. आणि पंख्याच्या घरातून डाव्या-उजव्या बाजूने हीटरचे दोन जाड पाइप खाली जातात, ते आहेत का? भारतात हीटर कशाला म्हणून ते काढतात आणि भोकं तशीच सोडतात, मग पंख्याची बरीचशी हवा सिलिंडरपर्यंत पोचतच नाही.

थर्मोस्टॅटबद्दल. इंजिन गार असताना तो पंख्याच्या घरातल्या झडपा मिटून ठेवतो म्हणजे ते पटकन गरम होतं, आणि ६५–७० अंशाच्या आसपास उघडतो. जुना पितळी असेल तर फुटल्यावर तो फुगून झडपा उघड्याच ठेवतो, म्हणजे तो बिघडून सहसा गाडी तापत नाही. तो काढलाच आहे तर झडपा उघड्या अडकवून ठेवल्यात का बघ, मिटलेल्या राहिल्या असतील तर तेच कारण. पण झडपा काढू देऊ नकोस, हवा कुठे वळवायची ते काम त्या करतात.

जादा कूलर आत्ता नको. तो लावलास तर दिवा विझेल आणि हेड तापतच राहील, आणि तुला कळणार नाही.

रानजाई

काका, तुम्ही म्हणालात तसं रात्री बॅटरी लावून पाहिलं आणि मला खरंच रडू आलं. मागच्या बाजूला पुलीच्या वरचा पत्रा नाहीच, तिथून जमीन दिसते. चारही बाजूचं रबर दोन्ही कोपऱ्यात गायब, उरलेलं हात लावला की तुकडे पडतात. आणि हो, हीटरचे पाइप नाहीत, दोन्ही बाजूला माझं मनगट जाईल एवढी भोकं. गॅरेजला फोन केला तर म्हणाले ते कागदी पाइप सडले होते आणि पत्रा आवाज करत होता म्हणून काढला. झडपा उघड्या आहेत, तारेने बांधल्यात.

टायमिंग लाइट शेजारच्या काकांकडे मिळाला. १६ अंशाच्या जवळ होतं! ७.५ वर आणलं. टॅपेट सकाळी केले, तीन नंबरचा एक्झॉस्ट ०.१० होता, बाकी ठीक. मग ऑइल किती तापतं ते बघायला मल्टीमीटरची टेम्परेचरची तार डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायची काडी) नळीतून, डिपस्टिक जाते तेवढीच आत सोडून टेप लावली आणि कात्रजचा जुना घाट चढून पाहिला (थर्डमध्येच, हळू हळू), वर पोचल्यावर १२८ अंश.

टॅपेट_०१५

१२८ खूप आहे ताई. ११० पर्यंत मी चिंता करत नाही, १२० च्या वर गेलं की थांबायचं.

आणि घाट थर्डमध्ये हळू चढू नका. पाण्याच्या गाडीची ही सवय इथे उलटी पडते. पंखा बेल्टवर आहे, इंजिन जेवढं फिरेल तेवढाच तो फिरणार, तुम्ही थर्डमध्ये ॲक्सिलरेटर दाबून कमी आरपीएमवर ओढत नेलं म्हणजे काम पूर्ण घेतलं आणि हवा अर्धी दिली. सेकंड टाका, इंजिन मोकळं फिरू द्या, आवाज जास्त येईल तो येऊ दे.

बेल्ट पण बघाच, अंगठ्याने दाबल्यावर दीड सेंटीमीटरच्या आसपास दबला पाहिजे. सैल असेल तर पुलीच्या दोन पाळ्यांमधल्या चकत्यांतली एक काढून बाहेरच्या बाजूला लावायची, फेकायची नाही. डायनामोचा लाल दिवा लागला तर जागच्या जागी बंद, बेल्ट तुटला म्हणजे पंखाच थांबला.

श्टुटगार्टकर

तीन नंबर ०.१० म्हणजे थोडा बुजलाय पण वेळेत सापडला. तीन नंबर म्हणजे डावीकडचा, पुढच्या चाकांच्या बाजूचा. तुझ्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या घरातच त्याच्या डोक्यावर उभा आहे, त्यामुळे त्याला हवा आधीच कमी आणि गरम मिळते. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलरला बाहेर वेगळं खोपटं करून दिलं ते ह्याचसाठी.

मेक्सिकोत ही गाडी २००३ पर्यंत बनत होती, त्यामुळे रबर, पाइप, मागचा पत्रा सगळं नवीन मिळतं, फक्त पत्रा जाड बघून घे. आणि आता इंजिन खाली घ्यायलाच लाव. गिअरबॉक्सला चारच बोल्ट आहेत, नीट जॅक असेल तर तासाभराचं काम. दोन वर्षं उभी होती ना, पंख्याचं घर उचलून कूलरच्या जाळीत काय आहे ते बघून घे. उभ्या गाडीवर माझा ह्या बाबतीत विश्वास नाही.

रानजाई

उशिरा लिहितेय, सामान यायला तीन आठवडे गेले. इंजिन दुसऱ्या एका मिस्त्रींकडे उतरवलं, मी आणि बाबा दोघं तिथेच बसून होतो. पंख्याचं घर उचललं आणि मिस्त्री नुसतं "हे बघा" म्हणाले. उंदराचं घरटं. ऑइल कूलरच्या वर आणि मागे, एक मोठी ओंजळ भरेल एवढं, त्यात काथ्या, कव्हरच्या कापडाचे धागे, शेंगांची टरफलं आणि नारळी पौर्णिमेची कुणाची तरी राखी, लाल धागा अजून दिसत होता. काथ्या कुठला ते बाबांनी लगेच ओळखलं, मागच्या सीटच्या आतला. घरी येऊन सीट उचलली तर खालून पोखरलेली. सगळं चिकटून काळं झालं होतं, कूलरचा निम्म्याहून जास्त भाग त्याने बंद, म्हणजे तीन नंबरला नीट हवाच नव्हती.

मिस्त्रींनी कूलर रॉकेल आणि ब्रशने साफ केला, खालचे सील नवीन टाकले. सिलिंडरमधल्या पंखांत पण धूळ-तेलाचा थर होता तो काडीने एकेक फट करून काढला, अख्खी दुपार गेली त्यात. पत्रा, रबर, हीटरचे दोन्ही पाइप बसवले. चिंचवडकर, तुमचंही ऐकलं, पेट्रोलचे पाइप बदलले, जेट मात्र आत्ता तसाच ठेवलाय कारण प्लग काढून बघितले तर टोकं छान तपकिरी आहेत.

काल कात्रज, सेकंडमध्ये, दुपारी दोन वाजता. १०४. दिवा नाही, टणटण नाही, चावी फिरवली की जागच्या जागी बंद.

चिंचवडकर

१०४ मस्तच. प्लग तपकिरी असतील तर जेटला हात लावू नका, मी मागे घेतो ते. सीटचं काम करताना आत तारेची जाळी टाकून घ्या खालून, नाहीतर परत येतील.

रानजाई

हो, जाळी आणलीये. थर्मोस्टॅट पण मागवलाय काका, आला की तारा सोडते. सध्या आठवड्यातून दोनदा तरी बाहेर काढते गाडी, उभी ठेवत नाही. रविवारी पहाटे पाचगणी, ह्या वेळी बाबा चालवणार आहेत आणि मल्टीमीटर माझ्या मांडीवर.